डाव्या दरवाजावरचा डाग

कॅम्प १, उल्हासनगर
४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

आधी पाया पडते, मग बाकीचं. मी, प्रीतम आणि बाळ वृंदा, तिघंही रविवारी वांगणीहून सुखरूप घरी पोचलो.

फोन केला असता, पण तू फोनवर प्रत्येक गोष्टीला "हां हां, बरा बरा" म्हणतेस. मागे प्रीतमने सांगितलं की सासूबाईंचा पाय मुरगळलाय, तर तू म्हणालीस, "चांगला झाला!" बिचारा दिवसभर विचार करत होता. कानाचं यंत्र तू कपाटात साड्यांखाली ठेवलंयस हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. गंगूमावशी रोज भाजी घेऊन वांगणीहून इथल्या बाजारात येते, तिच्याच टोपलीतून येईल. मेथीचा वास लागला तर समजून घे.

पोरगी वाटभर झोपली. बदलापूरच्या पुढे खडीचे डंपर लागले, धुळीत समोरचं काही दिसेना, तरी प्रीतमने गाडी इतकी हळू आणि सांभाळून काढली की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. तुला वेगळं काय सांगू? बारवीच्या वळणावर याच्या हातून याच्या मोठ्या भावाची, अल्पेशदादाची, जीप भातशेतात उतरली, शेजारी बसलेल्या दादाचा हात मोडला, तेव्हापासून याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. दादा ती गोष्ट लग्नाकार्यात हसून सांगतो आणि हा तिथून उठून जातो. या वेळी मात्र स्वतःच म्हणाला, "माझ्या पोरीला मीच घरी आणणार." पुन्हा क्लास लावला, पुन्हा शिकला, अंबरनाथच्या यार्डातून भाड्याची गाडी घेतली. घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढला, कारण म्हणे या कंपन्या नंतर नसलेले ओरखडे दाखवतात. घरी आल्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. काल गाडी परतसुद्धा केली.

आणि एक. जीन्सच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून त्याच्या पायाच्या शिरा सुजल्यात, तू पाहिल्यासच. अंबरनाथच्या एका शाळेला व्हॅनसाठी ड्रायव्हर हवाय. लहान मुलांची व्हॅन. त्यांनी याला पसंत केलंय, मार्चपासून ये म्हणतात. महिनाअखेर पक्कं कळवायचंय. एवढ्यात कुणाला बोलू नकोस.

जाता जाता तक्रार: तू वृंदाला लावलेली तीट अजून कानामागे आहे. दोन आंघोळी झाल्या तरी ढिम्म हलत नाही. काजळ आहे की डांबर?

तुझी,
भाविका

*

वांगणी
७ फेब्रुवारी २०२५

भाविका,

तुला नि माझ्या ठकूला पोटभर आशीर्वाद. जावयांना जास्तच.

पत्र पोचलं. मेथीचा नाही, मुळ्याचा वास आला. गंगूने ते टोपलीच्या तळाशी ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, "कागुद वर ठेवत जा," तर ती म्हणते, "वर भिजतंय." तिच्याशी कोण वाद घालणार?

काजळाबद्दल बोलायचं काम नाही. एरंडेलावर धरलेलं घरचं काजळ आहे, बाजारातली डबी नव्हे. ओघळू नये म्हणून मी त्यात मेण घालते. या वेळी जरा जास्त पडलं. पाण्याने जन्मात निघणार नाही. खोबरेलाचं बोट लाव, चुटकीसरशी निघेल. तेवीस वर्षं बालवाडीत पोरं सांभाळली, मला शिकवतेस?

जावई गाडी नीट चालवणार हे मला माहीत होतं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. चावी फिरवताना त्यांची बोटं थरथरत होती. तू मागे बसून पोरीचं लंगोट बदलत होतीस, तुला दिसलं नाही. मी अंगणात उभी होते, मला दिसलं. मग मला जे करायचं ते मी केलं आणि घरात गेले. बाकी गावदेवी बघायला समर्थ आहे.

व्हॅनचं ऐकून फार बरं वाटलं. पोरांची गाडी चालवणारा माणूस घाबरटच असावा. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाती पोरं देऊ नयेत.

पाळणा तुमच्या गाडीत मावला नाही तो मी रंगवून ठेवलाय, हिरवा. अल्पेशची जीप घेऊन जावयांनी एखाद्या रविवारी यावं आणि पाळणा न्यावा. चिंबोऱ्यांचं कालवण करते, म्हणजे येतील.

तुझी,
जनी आत्या

*

कॅम्प १, उल्हासनगर
१७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

पाया पडते.

उत्तराला उशीर झाला. वृंदा बरी आहे. प्रीतमला जरा सर्दी आहे, म्हणून या रविवारी तो येणार नाही. पुढच्याही रविवारी बहुतेक जमणार नाही. पाळण्याची घाई करू नकोस. वृंदा झोळीत झोपते.

खोबरेलाने तीट निघाली.

बाकी सगळं ठीक.

भाविका

*

वांगणी
१९ फेब्रुवारी २०२५

भाविका,

तुझं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं मागचं पान राहिलं असेल. मागे कोरंच होतं.

सर्दी झालेला माणूस दोन रविवार आधीच सांगतो की मी येणार नाही? मी बहिरी झालेय, वेडी नाही.

सरळ विचारते. तुझ्या सासरी कुणी काही बोललं का? पोरीला सोन्याचं काही घातलं नाही, चांदीचे वाळे दिले, त्यावरून? की पाळणा जुना आहे म्हणून? तो तुझ्या आजीचा पाळणा आहे, त्यात तू झोपलीस, तुझा बाप झोपला. पण कुणाला नको असेल तर तसं सांग. मी त्यात कोंबडी बसवीन.

तुझी आई गेल्यावर मी तुला सांभाळलं ते उपकार म्हणून नाही. तेव्हा माझ्यापासून काही लपवायचा तुला हक्कच नाही. मला दोन दिवस भात गेला नाही, गंगूला विचार. उलट टपाली काय ते लिही. गंगूला मी सांगितलंय, पत्र घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

जनी आत्या

*

कॅम्प १, उल्हासनगर
२० फेब्रुवारी २०२५

आत्या,

गंगूमावशी खाली ओट्यावर ठाण मांडून बसलीय. कोथिंबिरीच्या जुड्या तिथेच विकतेय आणि वर बघून ओरडतेय, "झाला काय गो लिवून?" तेव्हा सगळं एका दमात लिहिते.

सासरी कुणी काहीही बोललेलं नाही. सासूबाई त्या हिरव्या पाळण्याची वाट बघतायत, त्यासाठी त्यांनी छताला नवा हूकसुद्धा ठोकून घेतलाय. पाळण्यात कोंबडी बसवलीस तर बघ!

झालं ते असं. गाडी परत केल्यावर चार दिवसांनी कंपनीचा मेल आला. डाव्या दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात, आरशाच्या मागे, रंग उडालाय, धातूपर्यंत खोल घाव आहे, नुकसान ग्राहकाकडून झालंय. सोबत फोटो. आमचं डिपॉझिट त्यांनी ठेवून घेतलं आणि वर आणखी मागितले. मी म्हटलं, आपला व्हिडिओ आहे की! आपण भांडू! व्हिडिओ लावला. गाडी घेताना प्रीतमने सगळीकडून फिरून काढलेला. आणि आत्या, त्यात डावा दरवाजा स्वच्छ पांढरा आहे. डाग नाही. ज्या व्हिडिओने आम्ही वाचणार होतो त्यानेच आम्हाला अडकवलं. गाडी घेताना डाग नव्हता, देताना होता, मधे गाडी चालवली कुणी? प्रीतमने.

खालचे दुकानवाले सिंधी काका म्हणाले, "साईं, दे के छुट्टी कर, झंझट खतम." पैशांचं मला एवढं नाही ग. पैसे जातात, येतात. पण त्या व्हिडिओनंतर प्रीतमने स्वतःलाच दोषी ठरवलंय. म्हणतो, डंपरला साइड देताना काहीतरी लागलं असणार. गाडीला धातूपर्यंत घाव बसतो, मागे आपली पोरगी झोपलेली असते आणि चालवणाऱ्याला पत्ता नसतो. "आणखी एक वीत आत लागलं असतं तर?" हे वाक्य तो पुन्हा पुन्हा बोलतो. झोपेतून उठून वृंदाचा श्वास बघतो. मी म्हटलं, चल, यार्डात जाऊन डाग आपल्या डोळ्यांनी बघू. तर म्हणाला, "मला नाही बघायचा."

मी कंपनीला उलट लिहिलं की आम्हाला मान्य नाही, कुणा तिसऱ्या माणसाकडून तपासा. त्यांचं उत्तर आलं की आता तपासायला काही उरलंच नाही, दरवाजा रंगवून झालाय, हे गॅरेजचं बिल. दरवाजा अख्खा रंगवला म्हणे.

शाळेला सोमवारी कळवायचंय. प्रीतमने नकाराचा मेसेज लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचा बाकी आहे. मी फोन लपवला तर म्हणाला, "भाविका, लोकांची पोरं आहेत ती." तू त्याला घाबरट म्हणालीस ते कौतुकाने, पण आता त्याची भीती हाताबाहेर गेलीय. तो पुन्हा कधी गाडीत पुढे बसणार नाही, आत्या. मला ते त्याच्या डोळ्यांत दिसतंय आणि माझ्या हातात काही नाही.

तुला सांगितलं नाही कारण तू तुलाच दोष देत बसली असतीस की त्याला गाडीने जाऊ कशाला दिलं. तो फोटो मी स्टुडिओतून मोठा काढून आणला, पाकिटात घालतेय. लाल गोल कंपनीने काढलाय. बघ आणि देवीसमोर काय ते बोल.

भाविका

*

वांगणी
२१ फेब्रुवारी २०२५

भाविका,

फोटो बघितला. चष्मा पुसून बघितला. उन्हात नेऊन बघितला. मग मी ओसरीवर बसून इतकी हसले की शेजारची वेणूबाई धावत आली, तिला वाटलं मला वारं लागलं. मग रडले. आता दोन्ही झालंय, म्हणून लिहायला बसले.

अगं बाय माझे, तो घाव नाही. ती तीट आहे.

मी लावली. रविवारी, अंगणात. जावयांची बोटं थरथरताना बघितली. पोरीला कानामागे तीट लावून हात तसाच होता, बोटाला काजळ होतं. जावयांना लावावी तर ते काचेच्या आत, आणि लावली असती तरी ते लाजले असते. मग मी डाव्या बाजूने गेले आणि गाडीला लावली. कुठे लावायची? कानामागे. गाडीला कान कुठला? आरसाच की. त्याच्या मागे चांगला अंगठा दाबून लावली. गाडी पांढरी, नवरीसारखी दिसत होती. वाटेवर कुणाची नजर लागायला नको.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तीट लावल्याचं बोलून दाखवलं की तिचा गुण जातो. हे तुलाही ठाऊक आहे. मला काय माहीत की शिकलेली माणसं तिला घाव म्हणतील! त्या डंपरची धूळ वर बसली असेल, म्हणून कडा खरबरीत दिसतायत. पण फोटोत नीट बघ, खालच्या अंगाला माझ्या अंगठ्याच्या रेघा उमटल्यात. आधार कार्डाच्या वेळी त्या यंत्रात उमटता उमटत नव्हत्या, इथे बऱ्या उमटल्या.

जावयांना सांग: काही लागलं नाही. डंपर लांबून गेला. पोरीच्या केसालाही धक्का लागला नाही. जे लागलं ते माझं बोट.

आता नीट वाच. मेणाचं काजळ आहे. ते लोक पाइपाने गाडी धुतात, पाण्याने ते जाणार नाही. खोबरेलाने जाईल. आणि ते म्हणतात दरवाजा रंगवला. खरंच रंगवला असेल तर मी खोटी पडेन, माझ्याकडे दाखवायला काही राहणार नाही. पण माझं मन म्हणतं, जो माणूस काजळाला घाव म्हणतो त्याने जवळ जाऊन बोटसुद्धा लावलेलं नाही. मग तो रंग कुठून लावणार? जा. तेलाची बाटली घेऊन जा. मेसेज जाऊ देऊ नकोस.

आता सांगून टाकलं. गुण गेला तर जाऊ दे, गाडी घरी पोचलीय.

तुझी,
जनी आत्या

*

कॅम्प १, उल्हासनगर
२४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

पाया पडते, आणि या वेळी डोकं खरोखर टेकवलं असं समज.

तुझं पत्र मी प्रीतमला वाचून दाखवलं. मला वाटलं तो उडी मारेल. तो म्हणाला, "आत्या मला वाचवायला लिहितायत." मी म्हटलं, अरे अंगठ्याच्या रेघा दिसतायत! तर म्हणे, फोटोत काहीही दिसतं. "त्यांचा माझ्यावर जीव आहे, भाविका. त्या माझ्यासाठी खोटंसुद्धा बोलतील." आणि खरं सांगू, क्षणभर मलाही शंका आली. कारण तू बोलशीलच की!

शेवटी सासूबाई खवळल्या. वृंदाला माझ्याकडून घेतली आणि त्याला म्हणाल्या, "जाऊन बग तरी! माझा ऐक, नायतर त्या म्हातारीला तोंड काय दाखवशील?" मग निघाला. रिक्षात माझ्या पर्समध्ये खोबरेलाची बाटली, आणि तो बाहेर रस्त्याकडे बघत.

यार्डातला मॅनेजर टेबलामागे बसून वडापाव खात होता. मी गाडीचा नंबर सांगितला, डाग बघायचाय म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, डाग आता कुठे? पॅनल रंगवून झाला ना. सिस्टीममध्ये काम पूर्ण दाखवतंय." मग गाडी दाखवा म्हटलं. "गाडी कस्टमरकडे आहे, टाइम लागेल." मी म्हटलं, आम्हाला घाई नाही. बाकड्यावर बसलो. तो सारखा आमच्याकडे बघायचा आणि मग मोबाइलकडे. ऊन चढलं. प्रीतम मला म्हणाला, "चल ना, बस झालं." मी तुझीच भाची, ठाण मांडायला गंगूमावशीकडून शिकलेय. हलले नाही.

दुपारी गाडी आली. वांगणीच्या बाजूला कुणाच्या तरी फार्महाउसवर जाऊन आलेले एक काका होते, टोपी आणि अर्धी चड्डी घातलेले. ते उतरून चावी देतायत तोवर मी डाव्या बाजूला धावले.

आत्या, होती! आरशाच्या मागे, जिथे तू दाबलीस तिथेच. काळीभोर, धूळ खाल्लेली. इतक्या दिवसांचं पाणी, ऊन, धूळ, सगळं सोसून बसली होती. मी ओरडलेच, "प्रीतम!"

तो आला. बघत राहिला. मागून मॅनेजर आला, म्हणाला, "हां, हे... ही दुसरी जागा आहे." मी म्हटलं, फोटो काढा तुमचा, लाल गोलवाला. त्याने काढला नाही, मी माझ्या मोबाइलवरचा काढला आणि दरवाजाला लावून धरला. तोच डाग, तीच जागा. मी विचारलं, "दरवाजा रंगवलात ना? मग रंग डागाच्या खालून दिलात का?" ते टोपीवाले काका माझ्या हातातलं गॅरेजचं बिल वाचू लागले, मग दरवाजा बघू लागले आणि म्हणाले, "एक मिनिट, म्हणजे हाच डाग तुम्ही आता मला पण लावणार होतात काय?" मॅनेजरचा चेहरा उतरला.

मी बाटली प्रीतमच्या हातात दिली. म्हटलं, तूच पूस. तो नको म्हणत होता. मग त्याने बाटलीचं झाकण उघडलं. तेल लावलं, एकदा फिरवलं, काळं पसरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मलाही वाटलं खाली खरंच घाव निघतोय. मग रुमालाने पुसलं. खाली पांढरा दरवाजा, गुळगुळीत. नख फिरवून बघितलं त्याने. काही नाही. एक रेघसुद्धा नाही.

आत्या, तो तिथेच, त्या गाडीला टेकून, खाली बसला. यार्डाच्या त्या तेलकट जमिनीवर. रडला नाही. नुसता श्वास सोडत होता, कितीतरी दिवस आत धरून ठेवल्यासारखा. "काही लागलं नव्हतं," म्हणाला. "काहीच लागलं नव्हतं." जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्याचं बोट काळं झालं होतं. मला काय वाटलं कोण जाणे, त्या बोटावरचं काजळ मी माझ्या बोटावर घेतलं आणि त्याच्या कानामागे लावलं. मॅनेजरसमोर, काकांसमोर. तू त्यालाच लावायची म्हणत होतीस ना? पोचली एकदाची.

पुढचं लवकर झालं. मॅनेजरने वरच्या ऑफिसला फोन लावला, "सिस्टीमची मिस्टेक आहे" वगैरे. डिपॉझिट परत येतंय. पण मी म्हटलं, त्याच्या आधी एक ओळ लिहून द्या की या ग्राहकाकडून गाडीला कोणतंही नुकसान झालेलं नाही. तो म्हणाला, पैसे देतोय ना, ओळ कशाला? मी म्हटलं, पैसे नंतर द्या, ओळ आधी. काका माझ्या बाजूने उभे राहिले, मोबाइल वर करून. मेल आला. प्रीतमने तो तिथे उभ्याने वाचला, मग रिक्षात वाचला, मग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला.

नकाराचा मेसेज त्याने काल स्वतःच्या हाताने पुसला. आज सकाळी शाळेला फोन करून होकार दिला. त्यांनी विचारलं, गाडी चालवताना भीती वाटते का? हा म्हणाला, "वाटते." ते म्हणाले, मग या.

तुला भात जातोय ना आता?

तुझी,
भाविका

ता. क. तिथे मी जे बोलले ते सगळं लिहिलेलं नाही. वृंदा मोठी झाल्यावर ही पत्रं वाचेल.

*

कॅम्प १, उल्हासनगर
२६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्या,

नमस्कार. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. भाविका म्हणाली तू लिही, मी किती लिहू. आज शिवरात्रीमुळे कारखान्याला सुट्टी आहे, म्हणून बसलो.

मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलताय असं मला वाटलं. त्याबद्दल रागावू नका. खरं म्हणजे तुम्ही खोटं बोलत असाल असं वाटलं तेव्हाही मला बरंच वाटलं होतं.

रविवारी पाळणा न्यायला येतो. अल्पेशदादाची जीप आणतो. दादा शेजारी बसणार आहे, पण गाडी मी चालवणार. तो आत्तापासून सगळ्यांना सांगत फिरतोय की हाताला प्लास्टर घालूनच बसतो म्हणजे पुन्हा मोडायला नको. हसू दे. मी पण हसलो. परत निघताना पाळणा मागे बांधू, दादा मागे बसेल आणि तुम्ही पुढे बसायचं. चार दिवस राहायलाच या, वृंदा तुम्हाला विसरायच्या आत. कानाचं यंत्र घेऊन या. वाटेत मला तुमच्याशी बोलायचं आहे आणि मी गाडी चालवताना मान वळवणार नाही.

येताना थोडी वाकडी वाट करून बारवीच्या रस्त्याने येऊ. ते वळण मला एकदा नीट पार करायचं आहे. तुम्ही बरोबर असाल तर बरं वाटेल.

आणि निघताना जीपला तीट लावणार असाल तर आधी मला सांगा.

नको. राहू द्या. न सांगताच लावा.

तुमचा,
प्रीतम